पाच वर्षं शेडमध्ये उभा राहिलेला छोटा ट्रॅक्टर घरच्या घरी कसा उठवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मुळशी भागातल्या शेतघरात मित्सुबिशी शक्ती १८० डी हा छोटा बागायती ट्रॅक्टर पाच पावसाळे उभा आहे. नवी बॅटरी लावून सेल्फ मारला तर 'टक' असा एकच आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. गॅरेजवाल्याने इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायला, सांगितलं आहे. हे काम घरी होईल का?

होईल, बरंचसं होईल. फक्त आत्ता सेल्फ मारणं थांबवा. 'टक' होऊन थांबण्याची कारणं चार असू शकतात: बॅटरीच्या तारांचा संपर्क नीट नाही, सेल्फ स्वतः जाम आहे, पिस्टन रिंगा गंजून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरल्या आहेत, किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी अथवा डिझेल साचलं आहे. शेवटचं कारण सगळ्यात धोक्याचं. सायलेन्सरचं तोंड वर असेल आणि त्यावर टोपी नसेल, तर मुळशीच्या पावसात पाणी थेट आत उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व उघडा राहिला आहे त्यात जाऊन बसतं. पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ जोरात बसला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरोखरच इंजिन बांधावं लागतं.

उभं राहून झालेलं नुकसान आणि चालून झालेली झीज ही दोन वेगळी दुखणी आहेत. बहुतेक ठिकाणी दोन्हींवर एकच औषध सांगतात: खोला आणि बांधा. पण पाच वर्षं बंद असलेल्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्याच असतील असं मुळीच नाही. बंद पडायच्या दिवशी तो नीट चालत होता का, हे घरात कोणाला तरी नक्की आठवत असेल. त्यांना आधी विचारा. नीट चालत असेल तर मोजमाप केल्याशिवाय हेड (सिलिंडरवरचं झाकण) उचलू नका. जुनं हेड उचललं की नवं गॅसकेट, हेडची पातळी, कधी तुटलेला स्टड अशी साखळी सुरू होते.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते २४ चे रिंग पाने, अर्धा इंची गोटी (सॉकेट) सेट, फट मोजायचा फीलर गेज, मल्टिमीटर, ग्रीस गन, दोन-तीन टनी जॅक आणि ट्रॅक्टर टेकवायला दोन भक्कम घोड्या. डिझेलचा कॉम्प्रेशन गेज मात्र हवाच. विकत घ्यायचा नसेल तर डिझेल पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) दुरुस्त करणाऱ्याकडून एक दिवसासाठी आणा. पेट्रोलच्या गाडीचा गेज चालणार नाही, त्याचा काटा निम्म्यातच संपतो.

बोल्टबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी अनेक आटे खराब होतात. मूळ आराखडा जपानी असल्यामुळे यात बऱ्याच ठिकाणी १० मिमीचा बोल्ट १.२५ च्या बारीक आट्याचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात न सांगता मागितला तर १.५ आट्याचा मिळतो. तो दोन-तीन फेरे जातो, मग घट्ट लागतो, आपण पान्याने रेटतो आणि ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात. डोकंही वेगळं असतं: जपानी ८ मिमी बोल्टला बहुधा १२ चा पाना लागतो, आपल्याकडच्याला १३ चा. प्रत्येक जागेचा बोल्ट चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि नवा घेताना जुना सोबत न्या.

आता इंजिन मोकळं करणं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गिअर न्यूट्रल करा. या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाला एक हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू करताना आतली जागा तापवणारा प्लग. प्लगच्या मुळाशी गंज चढलेला असतो, म्हणून आदल्या रात्री तिथे गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हळू हळू पुढे-मागे करत सोडवा. प्लग तुटून अर्धा आत राहिला तर हेड काढावंच लागतं, तेव्हा घाई नको. तिन्ही प्लग निघाले की क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा गोटी पाना लावा आणि घट्ट करण्याच्याच दिशेने हलकेच फिरवून पाहा. उलट फिरवलंत तर बोल्टच सुटेल.

फिरला तर आनंद आहे. साचलेलं पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येईल. तेव्हा तोंड त्या भोकांसमोर धरू नका. फिरला नाही तर अर्धं डिझेल आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल असं मिश्रण करून प्रत्येक भोकात १५ ते २० मिली सोडा. भोकं कापडाने झाका आणि तीन ते सात दिवस थांबा. रोज एकदा पाना लावून हलका ताण द्या. एक मिमी सरकलं तरी जिंकलात. ट्रॅक्टर दुसऱ्या वाहनाला बांधून गिअरमध्ये ओढण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. चिकटलेल्या रिंगा त्या झटक्याने तुटतात आणि लायनरवर रेघा पाडतात.

इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवण्याआधी रॉकर कव्हर काढून सहाही वाल्व बघा. क्रँक फिरताना रॉकर वाल्व दाबतो, पण स्प्रिंगने तो परत वर यायला हवा. खाली अडकून राहिलेला वाल्व पिस्टनला लागतो किंवा पुशरॉड वाकतो. अडकला असेल तर दांड्यावर तेल टाका आणि प्लास्टिकच्या हातोडीने वरून बारीक टकटक करत मोकळा करा. कव्हर उघडलंच आहे तर टॅपेटही, म्हणजे रॉकर आणि वाल्वमधली फट, करून घ्या. या वर्गाच्या मित्सुबिशी इंजिनांत थंड असताना दोन्ही वाल्वना ०.२५ मिमी फट ठेवतात. ज्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पूर्ण झालं आहे, म्हणजे दोन्ही वाल्व बंद आहेत, त्याचीच फट तपासायची. क्रम १-३-२, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत क्रँकचे २४० अंश.

कॉम्प्रेशन मोजण्याआधी इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. जुनं ऑइल काढताना पहिल्या धारेकडे लक्ष द्या. आधी स्वच्छ पाणी आलं तर ते साचलेलं आहे. सगळं ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर हेड गॅसकेट किंवा लायनरच्या सीलवर संशय घ्यायचा. नवं ऑइल १५डब्ल्यू-४० डिझेल दर्जाचं, साधं. महागड्या सिंथेटिकचा इथे काही उपयोग नाही.

मोजताना बॅटरी पूर्ण भरलेली, तिन्ही प्लग काढलेले, एअर फिल्टरची नळी सुटी आणि डिझेल बंद करायची दांडी ओढलेली. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा कॉम्प्रेशन होईपर्यंत सेल्फ मारा. प्री-चेंबरच्या (डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी हेडमधल्या छोट्या खोलीत फवारणाऱ्या) छोट्या डिझेल इंजिनात चांगला आकडा साधारण २८ ते ३२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. २२ च्या खाली गेला की थंडीत चालू व्हायला कुरकुरतो. तिन्हींमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा किंवा लायनर. तसाच राहिला तर वाल्व किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅसकेट फुंकलेलं असण्याची शक्यता मोठी. मात्र उभ्या इंजिनाचा पहिला आकडा अंतिम मानू नका. चिकटलेल्या रिंगा दहा-पंधरा तास चालल्यावर सुटतात, आणि १९ दाखवणारा सिलिंडर २५ वर आलेला दिसतो. बांधायचं की नाही ते तेव्हा ठरवा.

खरं काम डिझेलच्या लाइनमध्ये आहे. पाच वर्षांत टाकीच्या तळाशी पाणी साचतं, कारण अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते आणि आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर उतरतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी-जिवाणू वाढून शेवाळासारखी काळी चिकट घाण होते. ही घाण फिल्टर तर तुंबवतेच, पण तिच्यासोबत आलेलं पाणी पंपाच्या प्लंजरवर गंज चढवतं. म्हणून टाकी उतरवा. जुनं डिझेल पूर्ण काढा आणि ते गाळून परत वापरायचा मोह टाळा. आत मूठभर नट आणि दोन लिटर स्वच्छ डिझेल टाकून जोरात हलवा, ओता, पुन्हा करा, आणि नंतर नट मोजून बाहेर काढा. आत गंज सुटा होत असेल तर टाकीच्या तोंडाची जाळी आणि कॉकमधली बारीक जाळी दोन्ही नव्या बसवा. टाकीला वेल्डिंग करायची वेळ आली तर ते घरी करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते.

रबरी नळ्या सगळ्या बदला. जुन्या रबराला बाहेरून तडे दिसत नसले तरी आतून ते फुगून सोलतं, किंवा क्लिपखाली हवा ओढतं. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक फक्त १० पीपीएम असतं. डिझेलची घडण बदलली की जुनी कडक झालेली रबरं आकसतात आणि सांध्यांतून झिरपायला लागतात. नवी सील आणि ओ-रिंग टाकल्यावर हा त्रास राहत नाही.

फिल्टर बदलून झाला की हवा काढायची. टाकी निम्म्याहून वर भरा, कॉक उघडा. फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू दोन फेरे सैल करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की घट्ट करा. मग पंपावरच्या स्क्रूवर तेच. शेवटी नोझलकडची पाइपची टोपण-नटं एक-एक फेरा सैल करून, दांडी 'चालू' वर ठेवून सेल्फ मारा. तिथून डिझेल उसळायला लागलं की घट्ट करा. बोट कधीही त्या धारेत धरू नका. नोझलचा फवारा शंभराहून जास्त किलोच्या दाबाने येतो, तो कातडी भेदून आत जातो आणि अशा जखमेला लगेच शस्त्रक्रिया लागते. तांब्याचे वायसर नवे घ्या. मिळत नसतील तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं.

हवा काढूनही थोडं चालून बंद पडत असेल तर गळती डिझेल बाहेर पडणाऱ्या जागी शोधू नका. टाकी ते पंप या भागात दाब कमी असतो, तिथे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंपाला जाणारी नळी तात्पुरती पारदर्शक प्लास्टिकची लावून बघा. बुडबुडा कुठून येतो ते दिसतं.

पंप घरी उघडायचा नाही, हे ठाम. पण एक गोष्ट घरीच बघायची आणि ती फार थोडे बघतात: बाजूची झडप किंवा कव्हर काढून आतली रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी दातेरी पट्टी) दांडीसोबत सहज पुढे-मागे सरकते का. उभं राहून रॅक जाम होतो. 'बंद'च्या जागी जाम झाला तर इंजिन चालूच होत नाही आणि माणसं नोझल, पंप, सगळं बदलत बसतात. 'पूर्ण डिझेल'च्या जागी जाम झाला तर इंजिन चालू झाल्याक्षणी बेफाम पळतं. डिझेल मारून, बोटाने हलवून तो मोकळा होतो. पंप काढावाच लागला तर त्याच्या बुडाखालचे पातळ पत्र्याचे शिम मोजून, जसेच्या तसे ठेवा. त्यांच्या जाडीवर इंजिनाचं टायमिंग ठरतं. एक शिम हरवला की पुढे महिनाभर पांढरा धूर.

नोझल मात्र तिन्ही काढून पंपवाल्याकडे बेंचवर तपासून घ्या. प्रेशर, फवारा आणि थेंब गळतो का, या तीन गोष्टी तुमच्यासमोर बघा.

एअर फिल्टर ऑइल बाथ प्रकारचा असेल तर वाटीतलं ऑइल खुणेइतकंच ठेवा. जास्त भरलं की इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेल बंद केलं तरी त्या ऑइलवर पळत राहतं.

थंड ठेवण्याची व्यवस्था हा दुसरा मोठा विषय, आणि यात चुका आपणच करतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पोकळीत क्षार बसतात. माठाच्या तळाला पांढरा थर येतो तसाच. एक मिमी थरसुद्धा उष्णता अडवतो. पाणी पूर्ण काढा. ब्लॉकच्या बाजूचा कॉकही उघडा, नुसता रेडिएटरचा नको. दर लिटरला २० ते ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून भरा आणि तासाभराने काढा. इंजिन चालतं असेल तर अर्धा तास चालवूनच काढा. नंतर तीन वेळा साध्या पाण्याने धुवा, त्यातल्या एका वेळी चमचाभर खायचा सोडा टाका. हायड्रोक्लोरिक, म्हणजे फरशी धुवायचं ॲसिड, कधीही नाही. ते पितळेचे जोड आणि ॲल्युमिनियमचं हेड दोन्ही खातं. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. पुण्यात बर्फ पडत नाही म्हणून कूलंटचा खर्च वाचवणारे बरेच असतात. इथे कूलंट थंडीसाठी नसतोच. तो गंज आणि क्षार थांबवतो आणि उकळण्याचा बिंदू वर नेतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकलेला सापडेल, पैज लावा. 'उन्हाळ्यात गरम होतो म्हणून काढला' हे कारण. त्याने इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, रिंगांत काजळी बसते, ऑइल पातळ होतं. नवा बसवा, आणि बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, त्यात थर्मामीटर ठेवून त्यावर कोरलेल्या अंशावर उघडायला लागतो का बघा. गरम होण्याचं मूळ कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा-चिखल, सैल पट्टा किंवा वर सांगितलेला क्षार असतो. जाळी आतून बाहेरच्या दिशेने पाण्याने धुवा. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला की साधारण १० ते १२ मिमी दबला पाहिजे.

आता पहिल्यांदा चालू करायचं. सेल्फ आधी सुटा तपासून घ्या: कार्बन ब्रश, बुश, आणि पिनियन सहज बाहेर येतो का. दांडी 'बंद' वर ठेवून, हीटर प्लग न लावता, दहा सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगांना आधी ऑइल पोचायला हवं. मग प्लग बसवा. त्यांच्या टोकांना बारा व्होल्ट देऊन टोक सगळीकडे लाल होतं का ते बाहेरच बघून घ्या. अशा वेळी प्लग पकडीत धरा, हातात नाही. २० ते ३० सेकंद तापवून सेल्फ मारा. एक माणूस एअर फिल्टरच्या नळीशी जाडसर फळी घेऊन उभा राहू द्या. इंजिन पळायला लागलं तर ती फळी तोंडावर दाबायची. हवा बंद केली की कोणतंही डिझेल इंजिन थांबतं. हात किंवा कापड त्या तोंडावर ठेवू नका, आत ओढलं जातं.

चालू झालं की १००० ते १२०० फेऱ्यांवर दहा मिनिटं राहू द्या, ॲक्सिलेटर ताणू नका. पहिला पांढरा धूर प्लगच्या भोकांतून ओतलेल्या तेलाचा असतो, तो जाईल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखायला एक-एक नोझलचं टोपण-नट फडका गुंडाळून क्षणभर सैल करा: आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, बदलला नाही तर दोष तिथेच.

क्लच. पाच पावसाळ्यांनंतर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असेल. ओळख अशी: क्लच दाबूनही गिअर खरखरत पडतो आणि पडताच ट्रॅक्टर पुढे उडी मारतो. इंजिन गरम करून बंद करा, क्लच पूर्ण दाबा आणि पेडल लाकडी ठोकळ्याने रात्रभर तसंच दाबून ठेवा. अनेकदा एवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर मोकळ्या सपाट शेतात, समोर विहीर-बांध-माणूस काही नसताना, वरच्या गिअरमध्येच इंजिन चालू करून फिरत राहा आणि क्लच दाबून ब्रेकला हलके झटके द्या. क्लच सुटेपर्यंत गाडी थांबवायची म्हणजे डिझेल बंद करायचं, हे डोक्यात पक्कं असू द्या. हे शेडच्या दारात करू नका. सुटल्यावर पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल ठेवा. मोकळी चाल नसेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून जळतं.

गिअरबॉक्सचं ऑइल काढताना दुधाळ निघालं तर गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं आहे आणि पावसाचं पाणी तिथून गेलं आहे. बूट बदला, जुनं ऑइल काढा, स्वस्त ऑइल भरून अर्धा तास हलकं चालवा, गरम असतानाच काढा आणि मग चांगलं भरा. वीस तासांनी पुन्हा बघा. कोणतं ऑइल, किती लिटर, हे मॅन्युअलमधून. अवजार उचलणारी लिफ्ट याच ऑइलवर चालत असेल तर जाड ९० नंबर भरलं की लिफ्ट सकाळी आळशासारखी उठते.

लिफ्टच्या तक्रारी दोनच. उचलत नाही: आधी ऑइलची पातळी, मग सक्शनची जाळी, मग ऑइलला फेस येतोय का, फेस म्हणजे सक्शनला हवा मिळतेय. उचलते पण इंजिन बंद केल्यावर रोटाव्हेटर काही मिनिटांत खाली बसतो: सिलिंडरच्या पिस्टनची ओ-रिंग किंवा कंट्रोल वाल्व. ओ-रिंग घरी बदलता येते. वाल्व घासण्याचा प्रयत्न नको. उचललेल्या अवजाराखाली कधीही हात घालायचा नाही, खाली ठोकळे लावल्याशिवाय.

ब्रेकचे शू काढून ग्रीस-तेल लागलेलं असेल तर नवेच टाका, पेट्रोलने धुतलेलं लायनिंग गरम झालं की पुन्हा घाम सोडतं. डावा-उजवा ब्रेक सारखाच धरायला हवा, नाहीतर रस्त्यावर गाडी वळते. पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि बुश हमखास झिजलेले असतात. स्टिअरिंगमधल्या सैलपणाचा मोठा वाटा तिथला असतो, गिअरबॉक्स उगाच बदनाम होतो. टायरमध्ये तडे वरवरचे असतील तर चालतील, धागा दिसत असेल तर नाही.

वायरिंगमध्ये एकच नियम: आधी अर्थ (अर्थिंग). चेसिस आणि इंजिन ब्लॉकवरचे अर्थचे सांधे चमकेपर्यंत घासा. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि सेल्फच्या बॉडीवर मल्टिमीटर लावा, ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर सांधा किंवा तार खराब. तुमचा 'टक' निम्म्या वेळा इथेच सापडतो. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसावेत.

सुटे भाग पुण्यात मिळतात, पण 'शक्तीचं सील द्या' असं मागू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते आकडे सांगितले की नाना पेठेत निम्म्या किमतीत तोच माल निघतो, कारण बेअरिंग आणि सील ट्रॅक्टरसाठी वेगळे बनत नाहीत. आकडे पुसले असतील तर व्हर्निअरने शाफ्ट आणि घर मोजा. नट, क्लिप, गॅसकेटचा कागद रविवार पेठेत बोहरी आळीत, तारा आणि लग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. बुश-पिन बनवून घेणं, आटे भरून घेणं, हेडची पातळी काढणं यासाठी भोसरीत लेथवाल्यांना तोटा नाही; नमुना आणि त्याची जोडी दोन्ही न्या, एकट्या पिनवरून बुश बसत नाही. जुन्या बाजारात हत्यारं बघा, डिझेल पंप आणि नोझल तिथून उचलू नका.

हाच क्रम जुन्या आयशरला किंवा स्वराज ७२४ ला लावायचा असेल तर थोडा फरक पडतो. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्यांचा पंचवीस अश्वशक्तीचा एका सिलिंडरचा गडी हवेवर थंड होतो. तिथे क्षाराचा प्रश्न नाही, पण सिलिंडरच्या पंख्यांमध्ये बसलेली तेल-मातीची ढेप खरवडून काढली नाही तर पिस्टन धरतो. स्वराज ७२४ हा १९७४ पासूनचा, दोन सिलिंडरचा. या दोन्हींत डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं, हीटर प्लग नाहीत. तेव्हा तेल नोझलच्या भोकातून सोडा आणि कॉम्प्रेशनही तिथूनच मोजा.

रंग सगळ्यात शेवटी. वीस तास काम करून गळत्या बंद झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका. नव्या रंगावर डिझेल झिरपलं की तो पापुद्र्यासारखा सुटतो.

आणि पुढच्या पावसाळ्याआधी, मे संपायच्या आत: टाकी काठोकाठ भरा, म्हणजे ओलावा उतरायला जागाच राहत नाही. सायलेन्सरवर डबा उपडा घाला. सगळ्या निपलांना नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा, त्याने आतलं पाणी ढकललं जातं. क्लच पेडल ठोकळ्याने दाबून ठेवा. बॅटरी घरात आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उंदीर सीटखाली आणि एअर फिल्टरच्या नळीत घर करतात, तेव्हा नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. दर पंधरवड्याला इंजिन चालू करायचं असेल तर हात लावता येणार नाही इतका रेडिएटरचा वरचा पाइप तापेपर्यंत चालवा. दोन मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनात ऑइलमध्ये उतरलेलं पाणी तसंच राहतं, त्यापेक्षा न चालवलेलं बरं.